लेक समुपदेशक होते आहे, तिला घरची साथ हवी

आई-बाबांनो, बी.ए. झालेली लेक म्हणाली, “मला समुपदेशन मानसशास्त्रात एम.एस्सी. करायचं आहे,” आणि तेव्हापासून तुमच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. वेड्यांच्या संगतीत राहणार का, पोट कसं भरणार, स्थळ बघताना काय सांगायचं? या प्रश्नांमागे माया आहे, म्हणून मनापासून बोलते.

समुपदेशकाकडे येतात ती तुमच्याआमच्यासारखीच माणसं. परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेला मुलगा, नवऱ्याच्या दारूनं खचलेली बाई, जवळचं माणूस गेल्यावर काही सुचेनासं झालेले आजोबा. आपल्या तंजावर जिल्ह्याला तर या दुःखाची चांगली ओळख आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला शेजारच्या नागपट्टिणमवर त्सुनामी आली. तेव्हा बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी स्थानिक कार्यकर्त्यांना दुःखी माणसाचं ऐकून कसं घ्यायचं हे शिकवलं. नुसतं मन मोठं असून भागत नाही, ऐकण्याचंही शिक्षण लागतं.

आपण तंजावरची मराठी माणसं सरस्वती महाल ग्रंथालयाचा अभिमान सांगतो. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातली नेत्ररुग्णांची टिपणं त्या परंपरेचाच भाग आहेत. कुणाला काय त्रास होता, कोणते उपचार झाले, हे रुग्णागणिक लिहून ठेवलेलं, सोबत डोळ्यांची चित्रं. एकेका माणसाकडे इतक्या बारकाईनं पाहणं हेच तुमची लेक शिकणार आहे. घरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलत ती वाढली, याचाही तिला उपयोग होईल. माणूस आपलं दुःख आपल्या बोलीतच मोकळेपणानं सांगतो.

मात्र प्रवेश डोळसपणे घ्या. मद्रास विद्यापीठात समुपदेशन मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही या विषयाचं शिक्षण मिळतं. कुठेही जा, पण आधी विचारा: प्रत्यक्ष माणसांबरोबर काम किती करायला मिळेल? त्या कामावर अनुभवी मार्गदर्शकाची देखरेख असेल का? घरबसल्या पदवीच्या जाहिरातींना भुलू नका, कारण जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत. आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं वेगळं शिक्षण आणि नोंदणी लागते. या एम.एस्सी.वर ते होत नाही. शाळा, महाविद्यालयं, रुग्णालयं, स्वयंसेवी संस्था इथे समुपदेशकाला काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचा असू शकतो आणि हात बसायला काही वर्षं जातात. तेवढा काळ तिला पाठबळ देता येईल का, याचा हिशेब आत्ताच एकत्र बसून करा.

आता घरातलं. प्रशिक्षणाच्या दिवसांत ती कधी गप्प गप्प घरी येईल. “आज कोण आलं होतं, काय सांगत होतं?” असं विचारू नका. तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम आहे. गावात ओळखी फार, म्हणून तो आपल्याकडे अधिकच काटेकोरपणे पाळायला हवा. “जेवलीस का?” एवढंच विचारा. आणि नात्यातल्या भांडणांचा निवाडा तिच्यावर सोपवू नका. “तू मानसशास्त्र शिकतेस ना, मग सांग काकूला,” हे वाक्य घरात नकोच. घरी तिला फक्त लेक म्हणून राहू द्या. तिला स्वतःसाठी समुपदेशकाकडे जावंसं वाटलं तरी घाबरू नका. शिकणाऱ्यांनी असा आधार घेणं चांगलंच.

आणि लग्नकार्यात कुणी विचारलं तर “काहीतरी शिकतेय” म्हणून विषय टाळू नका. आमची मुलगी समुपदेशक होते आहे, असं ताठ मानेनं सांगा. मनाच्या दुखण्यात लाजण्यासारखं काही नाही; आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार द्यावा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही म्हणतो. तरी घराघरांत अजून लपवाछपवीच चालते. तुम्ही मोकळेपणानं बोललात, तर ऐकणाऱ्यांपैकी एखादी आई आपल्या कोमेजलेल्या मुलाला वेळेवर मदतीला घेऊन जाईल. लेकीची पदवी हातात यायला दोन वर्षं आहेत. तुमचं काम आजपासूनच सुरू होऊ शकतं.