हाती येईल ते हत्यार : खेळ चालवताना शिकलेल्या सहा गोष्टी

पुण्यात आमच्या मंडळींसाठी मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चालवते, म्हणजे डीएम असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. आम्ही तो मावळासारख्या कल्पित मुलखात नेला आहे. तलवार-भाल्यांचे नियम पुस्तकात तपशीलवार दिलेले आहेत. पण हत्यार गमावलेला खेळाडू जेव्हा विचारतो, "इथं आसपास काय काय पडलंय?", तेव्हा खेळाला खरा रंग चढतो. त्या प्रश्नानं मला जे शिकवलं, ते असं :

१. आधी 'हो' म्हणावं.
पाचव्या आवृत्तीतला नियम छोटा आहे. हाती लागलेल्या वस्तूच्या फटक्याला डी-४, म्हणजे चार बाजूंचा फासा. फेकायची तर २० फुटांपर्यंत सरळ रोल, त्यापुढे ६० फुटांपर्यंत डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायचा. सरावाच्या हत्याराला मिळणारा प्रोफिशियन्सी बोनस इथं एरवी मिळत नाही. एवढं पाठ असलं की ऐन लढाईत पुस्तक उघडावं लागत नाही.

२. वस्तू कोणत्या हत्याराच्या जवळची, ते बघावं.
टेबलाचा पाय सोट्यासारखा धरावा, हे उदाहरण पुस्तकातच आहे. अशा वस्तूला त्या हत्याराचा नियम लावता येतो, बोनससुद्धा देता येतो. त्याच न्यायानं आमच्याकडे दोन्ही हातांनी फिरवलेलं मुसळ म्हणजे मोठा सोटा, डी-८. जड पितळी समई म्हणजे गदा, डी-६. विळा तर हत्यारांच्या यादीतच आहे.

३. किती लागलं यापेक्षा काय घडलं, ते महत्त्वाचं.
डी-४ची सरासरी २.५, तर एका हातानं चालवलेल्या लांब तलवारीच्या डी-८ची ४.५. नुसता आकडा बघितला तर तलवार टाकून परात कोण उचलेल? म्हणून मी परिणाम देते. घोंगडं शत्रूच्या डोक्यावर पडलं तर इजा शून्य, पण डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे चपळाईचा रोल, हुकला की त्याचा पुढचा वार डिसॲडव्हांटेजनं. चुलीतली राख डोळ्यांत गेली तरी तेच. रांजण उलटला की फरशी निसरडी. हे निर्णय माझ्या टेबलावरचे आहेत. तुम्ही आपले ठरवा, फक्त ते सगळ्यांना सारखे लावा.

४. बचावाचाही विचार करावा.
सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. उदेभानाशी लढताना तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यानं डाव्या हाताचीच ढाल केली, असं सभासदाच्या बखरीत आहे. हाताला कापड गुंडाळून वार झेलणारा तानाजी आपल्या सगळ्यांच्या मनात असतोच. त्यावरून आमचा नियम : शेला किंवा मुंडासं हाताला गुंडाळलं तर एसी, म्हणजे वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, एकनं वाढतो. खरी ढाल दोननं वाढवते. पहिला घाव बसला की कापड गेलं.

५. वस्तू संपू द्यावी.
मडकं एकदाच फुटतं, राख एकदाच उधळते. ही मर्यादा पाळली नाही तर प्रत्येक लढाईत तीच युक्ती येते, आणि तलवारबाजाच्या कौशल्याला किंमत उरत नाही. ज्याला हीच आपली खासियत करायची असेल, त्याच्यासाठी २०१४च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये 'टॅव्हर्न ब्रॉलर' ही फीट, म्हणजे निवडून घ्यायचं खास कौशल्य, आहे. तीत अशा वस्तूंची प्रोफिशियन्सी मिळते. ती घेण्यासाठी त्यानं दुसरं काही सोडलेलं असतं, त्याचा मान राखावा.

६. खोल्या भरलेल्या असाव्यात.
"एक रिकामी खोली" म्हटलं की खेळाडूच्या हाताला काहीच लागत नाही. यासाठी नव्या डीएमना मी राजा दिनकर केळकर संग्रहालयात जायला सांगते. तिथं शस्त्रं आहेत, पण अडकित्ते, दिवे, भांडी, कोरीव दारं यांच्यापुढे जास्त वेळ थांबावं. कोणती वस्तू हातात मावेल, कोणती दोघांनी उचलावी लागेल, कोणती आपटली की फुटेल? हे बघून आलेल्या डीएमच्या वाड्यात जातं, उखळ, पाट, दोरखंड आपोआप येतात. प्रत्येक खोलीत तीन वस्तू सांगाव्यात, आणि त्या कशाच्या बनलेल्या आहेत तेही सांगावं.

हाती येईल त्या हत्याराच्या नियमाबद्दल मला इतकी कळकळ का, तर तो नवख्याच्या बाजूचा आहे. पहिल्यांदा खेळायला बसलेल्याला मंत्र, फीट, हत्यारांचे तक्ते यातलं काही ठाऊक नसतं. पण मुसळ किती जड असतं, ओल्या फरशीवर पाय कसा सरकतो, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याचं ते जाणणं लढाईचा निकाल बदलू शकतं, हे त्याला पहिल्याच खेळात दिसलं पाहिजे. ते दाखवणं ही डीएमची जबाबदारी आहे.