शस्त्रक्रियेनंतर अंगावरून जात असेल तर

काही काळापूर्वी बोईसरच्या माझ्या दवाखान्यात एक तृतीयपंथी भगिनी आली. मुंबईत शस्त्रक्रिया करून तिने योनी तयार करून घेतली होती. "डॉक्टरसाहेब, अंगावरून जातं, वास येतो," एवढेच ती खाली मान घालून म्हणाली. इतर बायकांना देतो त्याच गोळ्या मी न तपासता लिहून दिल्या. एकदा नव्हे, दोनदा. गुण आला नाही. चूक माझीच होती.

वाचकहो, जन्मजात योनीच्या अस्तरात इस्ट्रोजेनमुळे ग्लायकोजेन साठते. त्यावर लॅक्टोबॅसिलस हे जंतू, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, पोसतात आणि आम्ल तयार करून इतर जंतूंना आवर घालतात. शस्त्रक्रियेने केलेल्या योनीचे अस्तर बहुधा शिश्नाच्या त्वचेचे असते. बेल्जियममधील गेंट येथे अशा ५० स्त्रियांची पाहणी झाली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांच्यात लॅक्टोबॅसिलस जवळजवळ आढळलेच नाहीत. होते ते सरमिसळ जंतू. म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजपट्टीने प्रत्येकीचा रिपोर्ट 'बिघडलेला'च येणार! नुसत्या रिपोर्टवरून प्रतिजैविके देणे म्हणूनच चूक.

तिसऱ्या खेपेस मी तिला शल्यचिकित्सकाकडे पाठवले. आतल्या न भरलेल्या जखमेवर कोवळे मांस वाढले होते.

आतून धुवावे का, कशाने, संबंधानंतर रक्त का दिसते, हे प्रश्न या भगिनींनाच पडतात. संशोधनाचे प्रश्न ठरवतानाही त्या हव्यात. कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठाच्या 'ट्रान्सबायोटा' अभ्यासात भाग घेणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच घरी नमुने घेतले. अनोळखी डॉक्टरपुढे कपडे उतरवण्याची धास्ती त्यात नव्हती. आपल्या जवळ, कल्याणला, याच समाजातील माणसे चालवीत असलेले 'मित्र' क्लिनिक होते. परदेशी निधी थांबल्याने जानेवारी २०२५ मध्ये ते बंद झाले. पालघर-तारापूरकडच्या भगिनींना आता आम्ही गल्लीतले डॉक्टरच.

तेव्हा काही सूचना. जंतुनाशक औषधाने आतून धुऊ नये. शल्यचिकित्सकाने सांगितले तसेच करावे. रक्त, ताप, वाढते दुखणे किंवा लघवीची धार बारीक झाल्यास थांबू नये. गुप्तरोगाची तपासणी लाजून टाळू नये. प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही आतच राहते, हे वय झाल्यावर डॉक्टरांना आठवणीने सांगावे. आणि येताना शस्त्रक्रियेचे कागद सोबत आणावेत. अस्तर त्वचेचे की आतड्याचे, हे आम्हाला त्यावरूनच कळते.