चेन्नईत अड्यारला येताय? स्क्रू इथेच घ्या

पुण्या-नाशिकहून सामान येतं, त्यात हमखास एक झोपाळा असतो आणि त्याच्या नट-बोल्टची पुडीही. ती पुडी इथे वापरू नका. गांधीनगर, शास्त्रीनगर, इंदिरानगर आणि शेजारच्या बेझंटनगरमध्ये मुरलेल्या आमच्या मराठी घरांचं एरवी कशावर एकमत होत नाही, यावर मात्र आहे.

इथे एका अंगाला अड्यार नदीची खाडी आणि समोर समुद्र. दुपारचा वारा मीठ घेऊनच घरात शिरतो. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यात उघड्यावरचं मीठ निदान धुऊन तरी जातं. छज्ज्याखाली पाऊस पोचत नाही, मीठ साचत राहतं आणि तिथलाच बोल्ट आधी गंजतो. त्यामुळे ‘आमची बाल्कनी आडोशाला आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका.

वाळवीच्या धास्तीने इथे बाहेरच्या कामाला औषध दिलेलं लाकूड घेतात, आणि ते योग्यच आहे. हिरवट छटा दिसली तर बहुधा त्यात तांब्याचं औषध मुरवलेलं असतं. तांबं, क्रोम आणि आर्सेनिकचं हे मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेशम यांनी शोधलं. पुढे जगभरच्या लाकडी खांबांना तेच लागलं. अमेरिकेत २००३ नंतर घरगुती लाकडातून आर्सेनिक गेलं, त्याच्या जागी जास्त तांब्याची औषधं आली आणि साधे खिळे तिकडे पटापट गंजू लागले. लाकूड ओलं झालं की तांब्याचे क्षार धातूपर्यंत पोचतात. आधी वरचं जस्त जातं, मग आतलं लोखंड. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचेही तेच हाल. रबरवुडला बहुतेकदा बोरॅक्स-बोरिकचं औषध असतं. ते धातूला फारसं छळत नाही, पण पावसात धुऊन जातं, म्हणून ते लाकूड घरातच ठेवा.

आता खरेदी. सुतार, म्हणजे इथले आसारी, बऱ्याचदा जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू घेऊन येतात. ते बाल्कनीसाठी मुळीच नव्हेत. घरातल्या जिप्सम बोर्डापुरते ठीक. चकचकीत किंवा पिवळसर झिंक प्लेटिंगचा थर जेमतेम ५ ते १० मायक्रॉनचा. हॉट डिप गॅल्वनाइझचा थर त्याच्या काही पट जाड, दिसायला राखाडी, खडबडीत. समुद्रापासून आत असाल तर तो चालेल. बेझंटनगरच्या बाजूला असाल तर सरळ स्टेनलेस घ्या, आणि घराबाहेर, छज्ज्याखालीसुद्धा, ३१६ घ्या. त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा तगतं. महाग पडतं, पण झोपाळ्याला लागतात किती बोल्ट!

दुकानदार ‘एसएस’ म्हणून २०२ गळ्यात मारतात. त्यात निकेल कमी, वर्ष-दोन वर्षांत तपकिरी डाग. लोहचुंबकाने २०२ आणि ३०४ मधला फरक कळत नाही, तो प्रयोग करून फुशारकी मारू नका. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ‘ए२’ (३०४) किंवा ‘ए४’ (३१६) कोरलेलं असतं. नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात ३१६ नसलं तर पॅरीज कॉर्नरच्या मागच्या गल्ल्यांत चक्कर मारा.

बिजागरी स्टेनलेसची असेल तर तिचा स्क्रूही स्टेनलेसचाच. जस्त चढवलेला लावलात तर तो आधी संपेल. सागाला आधी भोक पाडून घ्या, नाहीतर स्टेनलेसचं डोकं तुटून हातात येतं. नट चढवताना थोडं ग्रीस लावा आणि मशीन हळू चालवा, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस घासून जाम बसतो, मग कापल्याशिवाय निघत नाही.

पाऊस सरला की जानेवारीत झोपाळ्याचा एक बोल्ट पूर्ण काढून बघा. डोकं लखलखीत असतं आणि लाकडाच्या आतला दांडा निम्मा झालेला असतो.