भित्तिपत्रकात विविधता हवीच, पण वाचकही टिकायला हवा!



एक प्रश्न विचारते. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात भित्तिपत्रक लावलेलं असेल. त्यासमोर एखादं मूल स्वतःहून थांबून वाचतंय, असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

मी धडगाव भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. भित्तिपत्रक सुरू केलं तेव्हा उत्साह खूप होता. सुविचार, दिनविशेष, सामान्य ज्ञान, इंग्रजी शब्द, विज्ञानाची गंमत, थोरांची माहिती, सगळंच हवं! दर सोमवारी नवा कार्डशीट, नवे रंग, नवी सदरं. पहिल्या सोमवारी ही गर्दी झाली. दुसऱ्या सोमवारी निम्मी. एकदा कामाच्या गडबडीत तोच कागद तीन आठवडे तसाच राहिला आणि एकाही मुलाने विचारलं नाही, "मॅडम, नवीन कधी लावणार?" मग मीच चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "का गं, वाचत नाहीस?" ती सहज म्हणाली, "ते तर तुमचं आहे ना मॅडम."

हे वाक्य मला लागलं. आपल्याकडे अनेक मुलांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. घरची भाषा पावरी किंवा भिलीची एखादी बोली. पाठ्यपुस्तक सोडलं तर रोज नजरेसमोर येणारी मराठी म्हणजे ही भिंतच. ती वाचली गेली नाही तर सजावट वाया जाते एवढंच नाही, मुलांची वाचायची एक संधीही जाते.

मग चुकलं कुठे? विविधता तर भरपूर होती!

साने गुरुजींचं 'छात्रालय' दैनिक

उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की अमळनेर लागतं. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, वाचक म्हणजे फक्त वसतिगृहातली मुलं! पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं आणि १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक. पण लेखक-संपादक म्हणून रोजचा सराव झाला तो या हस्तलिखित दैनिकात.

विचार करा, रोज नवीन काय लिहायचं हा प्रश्न त्यांनाही पडलाच असेल. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती जी माझ्या रंगीत कार्डशीटजवळ नव्हती. ज्यांच्यासाठी लिहायचं त्या मुलांसोबत ते राहत होते. कोण आजारी, कोण उदास, कोणाला घरची आठवण येते, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे आधी वाचक माहीत, मग मजकूर! मी नेमकं उलटं करत होते. मोबाईलवर जे चांगलं दिसेल ते उतरवून भिंतीवर लावत होते.

साचा ठरलेला, मजकूर बदलता

आता 'श्यामची आई' आठवा. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. त्याची रचना कशी आहे? एकूण ४२ रात्री. रोज रात्री श्याम मित्रांना आईची एक आठवण सांगतो. सांगणारा तोच, ऐकणारे तेच, वेळ तीच. पण प्रसंग रोज वेगळा. एक रात्र संपली की दुसऱ्या रात्रीची ओढ लागते.

इथेच मला माझी चूक कळली. मी मजकुराबरोबर साचाही दर आठवड्याला बदलत होते. आज जिथे कोडं, पुढच्या वेळी तिथे सुविचार. मूल कशाची वाट पाहणार? वाट पाहायला काहीतरी ठरलेलं लागतं. घर तेच असावं, पाहुणा नवा असावा. विविधतेचा अर्थ मी एवढाच धरते.

आम्ही केलेली मांडणी

आता आमच्या भित्तिपत्रकाचे चारच कोपरे आहेत. जागा ठरलेल्या, बदलत नाहीत.

१) आमच्या पाड्याची बातमी (वर डावीकडे)
ही मुलंच आणतात. कोणाची शेळी व्याली, हातपंप बंद पडला, नाल्याला पाणी आलं. काय, कुठे, कधी, कोणी पाहिलं, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं आली की बातमी झाली. दर आठवड्याला बातमीदार बदलतो. त्यामुळे विषय शोधावे लागत नाहीत, ते चालत शाळेत येतात!

२) दोन भाषांचा रकाना (वर उजवीकडे)
बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी रकान्यांत छापला जाई. आम्ही तीच युक्ती घेतली. एका बाजूला पावरीतलं वाक्य देवनागरीत, शेजारी त्याचं मराठी. शब्द कसा लिहायचा यावर मुलं भांडतात. एका पाड्याचा उच्चार दुसऱ्या पाड्याला पटत नाही. भांडू द्या! भांडताना ती पाच वेळा वाचतात. शिवाय घरची भाषा भिंतीवर दिसली की मूल ताठ उभं राहतं.

३) उत्तर पुढच्या सोमवारी (खाली डावीकडे)
एक कोडं, उत्तर पुढच्या अंकात. हे एक सांगते, करून पहा:
*सारंगखेड्याच्या यात्रेत एका ठिकाणी घोडे आणि माणसं मिळून १२ डोकी दिसली. पाय मोजले तर ३४. घोडे किती, माणसं किती?*
(५ घोडे, ७ माणसं. पण उत्तर लगेच सांगू नका!) उत्तर राखून ठेवलं की पुढचा सोमवार मुलांच्या लक्षात राहतो.

४) बदलता कोपरा (खाली उजवीकडे)
सगळी विविधता इथे. पण विषय आपल्या परिसराच्या आणि ऋतूच्या क्रमाने:

- सप्टेंबर: ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शहीद झालेला शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार. शाळकरी वयाचा मुलगा, म्हणून मुलांना तो आपला वाटतो.
- डिसेंबर: दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, तापीकाठचा घोडेबाजार. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी.
- जानेवारी: ६ तारखेला पत्रकार दिन, बातमीदार मुलांचा सत्कार.
- फेब्रुवारी-मार्च: भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी.
- एप्रिल: मोहाची फुलं वेचणं, कैऱ्या कापून आमचूर वाळवणं. कृती क्रमाने लिहिणे हा भाषेचा घटकही त्यात होऊन जातो.

जगाची माहिती द्यायचीच नाही का? द्यायची. पण घराच्या दारातून न्यायची. मिरचीवरून निघालं की ती मूळची अमेरिका खंडातली आणि पोर्तुगीजांमुळे भारतात आली, इथपर्यंत जाता येतं. आपल्या पथारीवरची मिरची समुद्र ओलांडून आली म्हटल्यावर मुलं नकाशा मागतात.

जे वाचक निघून जातात त्यांचं काय?

हा आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न. दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला जातात. सोबत मुलंही जातात. होळीला परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. ती मागे बसतात, गप्प राहतात. अशा मुलाला भिंतीवर वाचण्यासारखं काय होतं?

एका होळीनंतर तिसरीतला एक मुलगा परतला. बातमीदाराची पाळी दुसऱ्याची होती, पण मी याला विचारलं, "तू तिकडे काय पाहिलंस?" तो आधी पावरीत सांगायला लागला. कोयता कसा धरतात, मोळी कशी बांधतात, ट्रॅक्टर रात्री भरायला आला की सगळे कसे उठतात. इतरांनी ऐकून मराठीत चार ओळी लिहिल्या, त्याने मोळीचं चित्र काढलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. त्या आठवड्यात भिंतीसमोर जेवढी मुलं थांबली तेवढी कधीच थांबली नव्हती. तो स्वतः रोज येऊन त्या चार ओळींवर बोट फिरवायचा. आधी पाठांतराने म्हणायचा. हळूहळू शब्द सुटे करून वाचू लागला.

"ते तर तुमचं आहे ना" याचं उत्तर मला तिथे मिळालं.

थोडं सांभाळा

- एकच कार्डशीट. गर्दी झाली की वाचन कमी होतं.
- अक्षर मोठं, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. साहेबांच्या उंचीवर नको!
- चुका पेन्सिलने, मुलाला सोबत घेऊन दुरुस्त करा. लाल शाई नको.
- घरची भांडणं, कोणाची गरिबी, आजार बातमीत येणार नाही हे आपण पाहायचं.
- परिपाठात रोज भिंतीवरचा एकच प्रश्न विचारा. कोणत्या कोपऱ्याचं उत्तर येत नाही ते वहीत लिहा. लागोपाठ दोन अंक उत्तर आलं नाही तर तिथला मजकूर बदला, जागा नाही.
- साहित्य कमी पडलं तर बालभारतीचं 'किशोर' आहेच. १९७१ पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. पण जसंच्या तसं उतरवू नका, वाचून मुलांना आपल्या शब्दांत लिहू द्या.

मित्रांनो, पाहणीला आलेले अधिकारी भित्तिपत्रक छान म्हणतात, आपल्यालाही बरं वाटतं. पण ते वाचक नव्हेत. जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन परत येताना जे मूल दोन मिनिटं थांबतं, तो आपला वाचक. या सोमवारी बाकी काही बदलू नका. फक्त एक कोपरा रिकामा ठेवा आणि वर्गात सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलाला विचारा, "इथे काय लिहूया?"