गळाची दोरी : निवड आणि परीक्षा

जबलपूर येथील मदन महल ही गोंड राजवटीतील लहानशी गढी ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांवर उभी आहे. तिच्या परिसरातील टेकड्यांच्या पायथ्याशी राजा संग्रामशाह याच्या नावाने ओळखला जाणारा संग्रामसागर हा जुना तलाव आहे. शहराजवळूनच नर्मदा वाहते व भेडाघाट येथे संगमरवराच्या उंच कड्यांतून वाट काढते. वरच्या अंगास, १९९० मध्ये पूर्ण झालेल्या बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. अशा रीतीने तलाव, खडकाळ नदी आणि खोल जलाशय ही तिन्ही प्रकारची पाणी एकाच शहराच्या आसपास आढळतात. या तिन्ही ठिकाणी गळ टाकणाऱ्यास एकच दोरी पुरेल काय? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात पदार्थविज्ञानाचे अनेक धडे साठविलेले आहेत.

शिशाच्या डोक्याचा गळ

गळ टाकण्याच्या अनेक रीतींपैकी एका रीतीत दोरीची कसोटी विशेष लागते. या रीतीत गळाच्या मानेवर शिशाचे डोके जडविलेले असते व त्याभोवती पिसे किंवा रबराचे तंतू बांधलेले असतात. असा गळ पाण्याच्या तळाशी सोडून काठीच्या हलक्या झटक्यांनी उडविला म्हणजे तो उड्या मारणाऱ्या झिंग्यासारखा किंवा लहान माशासारखा भासतो. त्यास इंग्रजीत ‘जिग’ म्हणतात. उत्तर अमेरिकेत बास नावाच्या शिकारी माशासाठी ही रीत फार रूढ आहे. बास हा मासा मूळचा आपल्याकडील नव्हे; परंतु पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा व भक्ष्यावर अकस्मात झडप घालणारा आपला मरळ हा स्वभावाने त्याच्या जवळचा आहे.

तळाशी काय घडते हे काठी धरणाऱ्यास दिसत नाही. गळ दगडावर आदळला की वेलीत अडकला, की माशाने तो तोंडात घेतला, हे त्यास केवळ दोरीवाटे कळते. शिवाय ही दोरी सतत दगडांवरून व मुळांवरून घासत असते. म्हणून तिची निवड करताना केवळ ‘किती वजन तोलते’ एवढे पाहून भागत नाही.

रेशमापासून नायलॉनपर्यंत

पूर्वी गळाच्या दोऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस, सूत किंवा रेशीम यांच्या करीत. रेशमी दोरी मजबूत खरी; पण प्रत्येक वापरानंतर ती उलगडून वाळवावी लागे, अन्यथा ती कुजत असे. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि कुजण्याची ही चिंता संपली. नायलॉनचा एकेरी, पारदर्शक धागा आपल्या बाजारात तंगूस या नावाने परिचित आहे. पुढे आणखी दोन पदार्थ प्रचारात आले. एक म्हणजे फ्लुओरिनयुक्त बहुवारिकाचा एकेरी धागा, ज्यास फ्लुओरोकार्बन म्हणतात. दुसरा म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचे सूक्ष्म तंतू विणून केलेला गोफ.

तीन धाग्यांचे गुणदोष

तंगूस ताणला असता तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्शाने, कधी त्याहूनही अधिक लांबतो. माशाने एकाएकी हिसका दिला असता हा लवचीकपणा धक्का शोषून घेतो. परंतु याच गुणामुळे लांबवरचा हलका स्पर्श हातापर्यंत स्पष्ट पोचत नाही. नायलॉन पाणीही शोषते व भिजल्यावर त्याचे बळ काहीसे घटते. उन्हातील जंबुपार किरणांनीही ते हळूहळू दुबळे होते.

पॉलिएथिलीनचा गोफ केवळ तीन-चार टक्के लांबतो. त्यामुळे तळावरील खड्याचा स्पर्शही बोटांना जाणवतो. समान जाडीच्या तंगुसापेक्षा तो कितीतरी अधिक भार पेलतो. पाण्याची घनता १ मानली तर त्याची ०.९७ असल्याने तो तरंगतो. मात्र तो अपारदर्शक असल्याने माशास दिसतो. धारदार दगडावर घासला की त्याचे तंतू एकामागून एक तुटतात. आणि निसरडा असल्याने त्यावर साधी गाठ टिकत नाही.

फ्लुओरोकार्बनची घनता सुमारे १.७८ असून ते बुडते. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४२ आहे, पाण्याचा १.३३ व नायलॉनचा सुमारे १.५३. दोन पदार्थांचे वक्रीभवनांक जितके जवळचे, तितकी त्यांच्यामधील सीमा अस्पष्ट दिसते. म्हणून हा धागा पाण्यात तंगुसापेक्षा कमी उठून दिसतो. तो पाणी शोषत नाही व घर्षणासही चांगला टिकतो; परंतु ताठ असल्याने फिरकीवर नीट बसत नाही.

जाडीचे गणित

पदार्थ तोच असेल तर धाग्याचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.३० मिलिमीटर व्यासाचा धागा ५ किलोग्रॅम तोलत असेल, तर ०.६० मिलिमीटरचा सुमारे २० किलोग्रॅम तोलील. पण वाहत्या पाण्याचा रेटाही जाड धाग्यावर अधिक बसतो आणि गळ तळापासून उचलला जातो. हेच गणित उलटही लागू पडते. दगडावर घासून ०.३० मिलिमीटरचा धागा एखाद्या ठिकाणी ०.२७ मिलिमीटर उरला, तर व्यास केवळ दहाव्या हिश्शाने घटतो. क्षेत्रफळ मात्र १९ टक्क्यांनी घटते. बोटांना क्वचितच जाणवणारा ओरखडा सुमारे पाचवा हिस्सा बळ हिरावून नेतो. ग्रॅनाइटमधील गारगोटीचे काठिण्य मोजपट्टीवर ७ आहे, तर संगमरवराचे ३ ते ४ च्या आसपास. धागा या दोहोंपेक्षाही मऊ. म्हणून दर काही वेळाने शेवटचा हातभर धागा बोटांतून फिरवून पाहावा व खरखरीत लागल्यास तेवढा कापून टाकावा.

तीन पाण्यांची तीन उत्तरे

पाणवनस्पती माजलेल्या तलावात मरळीसाठी गोफ उत्तम. वेलींतून माशास सरळ ओढून काढावे लागते. तेथे लांबणारा धागा घात करतो, आणि गढूळ व हिरव्या पाण्यात गोफ दिसण्याचीही फारशी भीती नसते.

नर्मदेच्या खडकाळ प्रवाहात परिस्थिती वेगळी आहे. महाशीर माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. म्हणून धागा बहुधा तोंडाने तुटत नाही, तर मासा खडकाआड धावला असता दगडाच्या कडेवर तुटतो. येथे जाड तंगूस किंवा फ्लुओरोकार्बन हितावह. शिवड्याच्या जबड्यात मात्र बारीक दातांच्या रांगा असतात. त्याच्यासाठी गळालगतचा धागा अधिक जाड हवा.

खोल जलाशयात दोहोंचा मेळ घालतात. मुख्य दोरी गोफाची, म्हणजे खोलवरचा स्पर्श कळतो. आणि शेवटचा एक-दोन मीटर तुकडा फ्लुओरोकार्बनचा, म्हणजे तो माशास कमी दिसतो व घर्षण सोसतो.

गाठीची परीक्षा

दोरी बहुधा गाठीपाशी तुटते. याची परीक्षा शाळेतही घेता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली बारीक तंगुसाचे दोन सारखे तुकडे घ्यावे. एकाचे दोन्ही टोक जाड काठीवर अनेक वेढे देऊन बांधावे. दुसऱ्याच्या मध्यभागी एक साधी गाठ मारावी. प्रत्येकास जमिनीपासून वीतभर उंचीवर रिकामी बादली टांगून तीत मापाने हळूहळू पाणी ओतावे. गाठीचा तुकडा बराच आधी तुटेल. साध्या गाठीने धाग्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. कारण तीव्र वळणावर सर्व तंतूंवर ताण सारखा पडत नाही. अनेक वेढ्यांच्या गाठीत हे वळण सौम्य होते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने धागा दुखावत नाही.

तुटावयाचेच तर कोठे?

कितीही काळजी घेतली तरी गळ कधीतरी अडकतोच. मुख्य दोरीच आधी तुटली, तर अनेक मीटर धागा पाण्यात राहतो. गळ लागलेला मासा तो ओढीत फिरतो व एखाद्या फांदीस अडकून मरतो; काठावरील बगळे व पाणकावळे यांचे पायही अशा धाग्यात गुंततात. रेशीम कुजून जाई. तंगूस दीर्घकाळ तसाच राहतो. न कुजण्याचा जो गुण म्हणून घेतला, तोच येथे दोष ठरतो. म्हणून गळालगतचा तुकडा मुख्य दोरीपेक्षा बळाने थोडा कमी ठेवावा, म्हणजे दोरी तुटल्यास गळाजवळ तुटेल. फिरकीचा रोध दोरीच्या बळाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका ठेवल्यास ती तुटण्याचे प्रसंगच कमी येतात. अडकलेला गोफ हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. तो त्वचा कापतो. तो काठीच्या तुकड्यास गुंडाळावा. जुना धागा पाण्यात न टाकता घरी आणावा.

ही काळजी नर्मदाकाठी अधिकच अगत्याची आहे. महाशीर हा २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य असून नर्मदेतील त्याची संख्या पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे. १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्याने राज्यात त्या दिवसांत मासेमारीस बंदी असते. इतर वेळीही स्थानिक परवानगी आवश्यक ठरते. हाती आलेला महाशीर ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात सोडणे योग्य.

तात्पर्य, सर्व पाण्यांस पुरेल अशी एक दोरी नाही. आधी तळ पाहावा, मग मासा ओळखावा, आणि शेवटी वेष्टनावरील आकडा वाचावा. हा क्रम ज्याने पाळला, त्याची दोरी क्वचितच तुटेल, आणि तुटलीच तरी तिचा फास पाण्यात मागे राहणार नाही.