बाबासाहेबांचे एम.ए. : अर्जापासून पदवीपर्यंत

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी आपल्या विद्यालयातील मुले बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणून दाखवतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. सभागृहात टाळ्या पडतात आणि आम्हा शिक्षकांनाही समाधान वाटते. काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला नववीतील एका मुलीने विचारले, "सर, एम.ए.ला बाबासाहेबांचा विषय कोणता होता? आणि तिथे त्यांना प्रवेश कसा मिळाला?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले : अर्थशास्त्र. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र "सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली" एवढ्यावर आटोपले आणि तास संपला. ते अपुरे उत्तर मनात राहिले होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रवेश मिळवणे आणि पदवी पूर्ण करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा क्रम पाहिला म्हणजे स्पष्ट दिसते. आपण पहिल्या कामाचा उत्सव करतो. दुसऱ्या कामाकडे आपले लक्ष कमी असते.

अर्ज आणि करारपत्र

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. केळूसकर गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षणाचा खर्च वडील रामजी सुभेदारांना पेलेना, तेव्हा त्यांनीच भीमरावांना सयाजीराव गायकवाड महाराजांच्या भेटीस नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुढे चालू राहिले. गुणी विद्यार्थ्याचे कौतुक करणारे पुष्कळ असतात. केळूसकर गुरुजींनी कौतुकाच्या पुढे जाऊन त्याच्यासाठी दार ठोठावले. आपल्यासारख्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि लगेचच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, वडिलांचे निधन झाले. घरात पत्नी रमाबाई आणि नुकताच जन्मलेला यशवंत. अशा वेळी कोणीही नोकरी धरून बसण्याचा सल्ला दिला असता. परंतु महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठवणार आहेत हे कळल्यावर भीमरावांनी त्यासाठी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, अशा त्या अटी होत्या. आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना अटी न वाचता सही करणारी मुले आपण पाहतो. त्यांना हे करारपत्र समजावून सांगावे. पैशाबरोबर मुदत येते आणि मुदतीबरोबर जबाबदारी येते.

साठ अभ्यासक्रम

जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

कोलंबियातील तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. बेरीज साठ. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे नामवंत अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासकार जेम्स हार्वी रॉबिन्सन अशा प्राध्यापकांचे अध्यापन त्यांना लाभले. जून १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र होता.

आपल्याकडे जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगला आहे आणि चालू राहावा. परंतु मुलांना ही साठाची बेरीजही फळ्यावर मांडून दाखवावी. एका दिवसाचे अठरा तास निश्चयाने बसता येतात. आठवड्यामागून आठवडे व्याख्यानांना हजर राहणे, टिपणे काढणे, न समजलेला भाग पुन्हा वाचणे आणि परीक्षेला बसणे यासाठी वेगळी सवय लागते. ती सवय वसतिगृहात लहानपणापासून लावता येते. निवासी शाळेचे खरे बळ मला तेथे दिसते.

प्रश्न कोणता निवडला

या काळातील त्यांचे दोन प्रबंध महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे या ग्रंथमालेत आज वाचता येतात. प्राचीन भारतीय व्यापारावरील लेखन बाराव्या खंडात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व वित्तव्यवस्था यांवरील प्रबंध सहाव्या खंडात आहे. त्यावर १५ मे १९१५ ही तारीख आहे.

दुसऱ्या प्रबंधाचा विषय साध्या शब्दांत सांगता येईल. कंपनीच्या तिजोरीत पैसा कोठून येत होता? जमीन, मीठ आणि अफू यांपासूनच्या उत्पन्नाचा भार कोणावर पडत होता? जमा झालेल्या पैशातून लोकोपयोगी कामांवर किती थोडे खर्च झाले? आणि १८५८ साली कंपनीची सत्ता संपली, तेव्हा तिचे कर्ज भारतीय रयतेच्या माथी कसे आले? कर कोण भरतो आणि खर्च कोणासाठी होतो, हा प्रश्न चोवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने सरकारी अहवाल आणि आकडे समोर ठेवून सोडवला. त्यात आवेश नाही, हिशेब आहे. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. जातीचा अभ्यास आणि तिजोरीचा अभ्यास ही दोन्ही कामे एकाच काळात चालू होती.

आपल्या मुलांना प्रबंधासाठी दूरचा विषय शोधावा लागणार नाही. दिवाळीनंतर मेळघाटातील कोरकू कुटुंबे कामासाठी सपाटीवर उतरतात, तेव्हा घरच्या मुलाच्या शाळेचे काय होते? महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. मग गावात काम मागणाऱ्याला ते केव्हा मिळते आणि मजुरी किती दिवसांनी हाती पडते? मोहफुलाचा भाव कोण ठरवतो? हे अर्थशास्त्राचेच प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे आकड्यांत मांडणारा माणूस आपल्यातून तयार व्हायला हवा.

अपुरे राहिलेले काम

आता त्या मुलीने न विचारलेला प्रश्न. बाबासाहेबांचे शिक्षण अडले नाही का? अडले, आणि एकदा नव्हे. १९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. जहाजाने पाठवलेली पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून ज्या रीतीने बाहेर काढण्यात आले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

परंतु लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक काम केले होते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. नोव्हेंबर १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि पगारातून पैसे बाजूला टाकले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनाने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० च्या जुलैत, मुदत संपण्यापूर्वी, ते लंडनला परतले. तिकडे ते शिकत असताना इकडे मुंबईत रमाईंनी काटकसरीने संसार ओढला. त्या पदव्यांमध्ये त्यांचाही वाटा आहे.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. ते मुंबईस परतले. येथूनच त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस ती पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.साठी प्रबंध छापून सादर करणे आवश्यक होते. तो ग्रंथ १९२५ साली निघाला आणि पदवी १९२७ साली मिळाली. मुले एका दमात म्हणतात त्या यादीला प्रत्यक्षात इतकी वर्षे लागली.

फलकावरील छायाचित्र

काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याला मोठ्या शहरात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. मेळघाटातील लहान गावचा तो मुलगा, घरातील पहिला पदवीधर. आम्ही त्याचा सत्कार केला आणि छायाचित्र फलकावर लावले. तीन वर्षांनी तो मला परतवाड्याच्या बसस्थानकावर भेटला. एका दुकानात हिशेब लिहीत होता. पहिल्या सत्रात गणित आणि संख्याशास्त्राचे पेपर राहिले, शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला, खानावळीचे पैसे थकले आणि तेवढ्यात वडील आजारी पडले. मी म्हटले, "अरे, एकदा कळवायचे तरी!" तो म्हणाला, "सर, फलकावर माझा फोटो होता. परत येऊन काय सांगणार होतो?"

हे उत्तर मला लागले. त्याच्या अपयशाला आमचा सत्कार कारण झाला नसेल, पण परतीची वाट त्या सत्काराने अवघड केली, हे मी मान्य करतो. प्रवेशानंतरच्या सहा महिन्यांत आमच्यापैकी एकानेही त्याला फोन केला नव्हता. त्या दिवशी मी त्याला १९१७ सालची हकिकत सांगितली. पुढे त्याने इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी नाव घातले. आता त्याचे दोन पेपर उरले आहेत.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

अर्थशास्त्राच्या एम.ए.साठी आज गणित आणि संख्याशास्त्राची तयारी लागते. दहावीनंतर गणित सुटलेल्या मुलांनी पदवीच्या वर्षांतच ती सुरू करावी. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा असते. तिचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षातच भरावा लागतो, निकालाची वाट पाहून चालत नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधी तयार ठेवावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत. आणि अभ्यास सोडण्याची वेळ आलीच, तर निघण्यापूर्वी विद्यापीठात लेखी अर्ज देऊन परत येण्याची मुदत विचारून घ्यावी.

माजी विद्यार्थ्यांकडे माझी तीन मागणी आहेत. उच्च शिक्षणास गेलेल्या प्रत्येक मुलामागे एका माजी विद्यार्थ्याने उभे राहावे आणि दर सत्राच्या निकालानंतर त्याला फोन करावा. शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंत खानावळ भागेल एवढी रक्कम उसनी देणारा छोटा निधी उभारावा. आणि मध्येच परतलेल्या मुलाला विद्यालयाचे दार उघडे आहे, हे त्याला आपणहून कळवावे. केळूसकर गुरुजी आणि नवल भथेना यांनी जे केले, त्याहून यात वेगळे काही नाही.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेब अमरावतीला आले आणि इंद्रभुवन थिएटरमध्ये भरलेल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा गाजत होता. त्याच वर्षी कोलंबियाची पीएच.डी. त्यांच्या नावापुढे लागली होती. बडोद्याच्या करारपत्रावर सही केल्याला चौदा वर्षे झाली होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या दिवशी ज्यांना ऐकले, ते हाती घेतलेला अभ्यास शेवटास नेलेले गृहस्थ होते.

नववीतील ती मुलगी आता महाविद्यालयात आहे. तिला हा अंक मी स्वतः पाठवणार आहे.

जय भीम. भवतु सब्ब मंगलम्.