वाऱ्याचा बंदोबस्त आधी

प्रश्न: चांदोली व कास परिसरातील पक्ष्यांचे आवाज मुद्रित करावयाचे आहेत. एआयने यंत्रांची लांबलचक यादी दिली. नवशिक्याने काय घ्यावे? – एक वाचक, सांगली

उत्तर: स्थळ, ऋतू आणि ध्वनी यांचा तपशील न देता मागितलेली शिफारस मोघमच असणार, म्हणून ‘उत्तम यंत्र कोणते?’ असे न विचारता, प्रत्येक मायक्रोफोनचा स्वतःचा खरखराट किती डेसिबल आहे, हे एआयकडून कोष्टकात मागवावे आणि तो आकडा उत्पादकाच्या मूळ तपशीलपत्रकाशी ताडून पाहावा, कारण एआय चुकीचा आकडाही निःशंकपणे सांगते. निःशब्द पहाटे दूरवरून येणारी शीळकरी कस्तुराची शीळ टिपावयाची, तर हा खरखराट पंधरा डेसिबलच्या आत असलेला बरा. कासच्या उघड्या सड्यावर मात्र खरा शत्रू वारा. तेथे केसाळ वारारोधकावाचून महागडा मायक्रोफोनही कुचकामी. बाह्य मायक्रोफोन जोडता येईल असा हातात मावणारा रेकॉर्डर, वारारोधक आणि कान झाकणारा हेडफोन, एवढ्यावर प्रारंभ करावा. पक्ष्यांसाठी 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट ही रेकॉर्डरची मांडणी पुरे. त्याहून उच्च स्वराच्या वटवाघळांचा हव्यास तूर्त नको. चांदोली राष्ट्रीय उद्यान असल्याने वनखात्याची परवानगी मात्र खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी.